चाकणचा कांदा आणि रशियाचा गहूं

पुण्याहून नाशिककडे जाणारी सडक भोसरी ओलांडते, मोशीजवळ इंद्रायणीचा पूल मागें टाकते आणि चाकणास पोंचते. शाएस्तेखानाच्या फौजेशीं १६६० सालीं फिरंगोजी नरसाळा ज्या भुईकोटांतून झुंजला तो संग्रामदुर्ग याच गांवीं आहे. परंतु खेड तालुक्यांतील कुणब्यास चाकण ठाऊक आहे तें किल्ल्यामुळें नव्हे, कांद्याच्या बाजारामुळें. १९८० च्या मार्च महिन्यांत ही सडक शेतकऱ्यांनीं अडवून धरली. त्याच वर्षाच्या जानेवारींत झालेल्या लोकसभेच्या निवडणुकींत कांदा महाग झाला म्हणून दिल्लीच्या सत्ताधाऱ्यांवर टीकेची झोड उठली होती. आणि दोन महिने उलटतात न उलटतात तोंच तो कांदा पिकविणारा माणूस मातीमोल भावानें हवालदिल होऊन रस्त्यावर येऊन बसला.

या मंडळींचे पुढारी शरद जोशी हे जन्मानें शेतकरी नव्हते. भारतीय टपाल खात्यांतील अधिकारी, त्यानंतर स्वित्झर्लंडांतील बर्न येथें जागतिक टपाल संघाच्या कचेरींतले नोकर, असा त्यांचा पूर्वक्रम. ती नोकरी सोडून त्यांनीं चाकणजवळ आंबेठाण येथें कोरडवाहू जमीन घेतली, स्वतः पिकें काढलीं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं सहसा कधीं केलें नव्हतें असें एक काम केलें: पैपैचा हिशेब लिहून ठेवला. खेड्यांत 'उलटी पट्टी' म्हणून एक शब्द आहे. माल बाजारांत जातो, विकलाही जातो. पण आडत, हमाली, तोलाई आणि मोटारभाडें वजा जातां शेतकऱ्याच्या हातीं पैसे येण्याऐवजीं त्याच्याच नांवावर बाकी निघते, ती उलटी पट्टी. शेतींतील तोटा हा शेतकऱ्याच्या आळसाचा, अडाणीपणाचा किंवा लग्नकार्यांतील उधळपट्टीचा परिणाम नसून तो राज्यकर्त्यांच्या धोरणानें घडवून आणलेला आहे, या निष्कर्षावर जोशी आले, आणि १९७९ सालीं चाकण येथें शेतकरी संघटनेचा पाया घातला गेला.

त्यांच्या विवेचनांत रशियाचें उदाहरण वारंवार येई. कारखाने उभारावयाचे तर भांडवल हवें. इंग्लंडनें तें वसाहतींतून आणलें. ज्या देशास वसाहती नाहींत त्यानें तें कोठून आणावें? अशा देशांत शेतकरी हीच वसाहत ठरते, असें त्यांचें उत्तर होतें, आणि त्यास रोझा लक्झेंबर्ग या विदुषीच्या विचारांचा आधार ते देत. ज्या सडकेवर कांद्याच्या गाड्या उभ्या राहिल्या तिच्याच दक्षिणेकडील टोंकास भोसरी आणि पिंपरी-चिंचवडचे कारखाने धूर सोडीत होते, हें लक्षांत घेतलें म्हणजे हा वाद केवळ ग्रंथांतील नव्हता हें उघड होतें. तेव्हां रशियांत घडलें काय, आणि तें माप चाकणास कितपत लागू पडतें, हें श्रोत्यांनीं थोडें बारकाईनें पाहावें.

१९१७ च्या नोव्हेंबरांत लेनिनच्या सरकारनें जमीनदारांच्या जमिनी विनामोबदला काढून घेण्याचा हुकूम काढला. मुझिकांनीं, म्हणजे रशियांतील कुणब्यांनीं, त्या आपसांत वांटून घेतल्या. त्यापाठोपाठ यादवी युद्ध आलें, सैन्यासाठीं बंदुकीच्या धाकानें धान्य जप्त होऊं लागलें, पेरा घटला, आणि १९२१-२२ सालीं मोठा दुष्काळ पडला. शहाणपण सुचून लेनिननें १९२१ च्या मार्चमध्यें जप्ती बंद केली, ठराविक कर बसविला आणि उरलेलें धान्य विकण्याची मोकळीक दिली. मुझिकाच्या आयुष्यांतील त्यांतल्या त्यांत सुखाचीं वर्षें कोणतीं, असें विचारल्यास हीं सहा-सात वर्षें सांगावीं लागतील.

परंतु राज्यकर्त्यांस घाई होती. प्रेओब्राझेन्स्की या अर्थशास्त्रज्ञानें १९२४ च्या सुमारास असा सिद्धांत मांडला कीं, समाजवादी राष्ट्रानें कारखान्यांसाठीं लागणारें भांडवल शेतीपासून, मुख्यतः किंमतींच्या द्वारां, ओढून घेतलें पाहिजे: कारखान्याचा माल महाग, शेतीचा माल स्वस्त. बुखारिन याचा त्यास विरोध होता. मुझिक सधन झाला तरच कारखान्याच्या मालास गिऱ्हाईक मिळेल, असें त्याचें म्हणणें. स्टालिन प्रथम बुखारिनच्या बाजूनें उभा राहिला, आणि प्रतिपक्षाचा पाडाव होतांच त्यानें प्रतिपक्षाचेंच मत उचललें. १९२८ च्या जुलैंत पक्षाच्या मध्यवर्ती समितीपुढें बोलतांना, शेतकऱ्यास एक प्रकारची खंडणी द्यावी लागत आहे, असें त्यानें उघड सांगितलें. प्रेओब्राझेन्स्की १९३७ सालीं आणि बुखारिन १९३८ सालीं गोळी घालून मारले गेले. वादाचे दोन्ही पक्ष असे एकाच भिंतीशीं पोंचले.

खंडणी वसूल करण्यांतली अडचण साधी होती. भाव उतरला कीं मुझिक धान्य विकीत नसे; गुरांस घाली, दारू गाळी, कणगींत ठेवी. अडीच कोटी घरांच्या कणग्यांवर पहारा ठेवणें कोणत्याहि सरकारास अशक्य. उलट सगळें गांव एका खळ्यावर मळणी करूं लागलें तर खळ्याच्या तोंडाशीं एक माणूस बसविला कीं काम भागतें. सामुदायिक शेतीचे गुण पुष्कळ गायिले गेले: ट्रॅक्टर, मोठे पट्टे, विज्ञान. त्यांतलें कांहीं खरेंही होतें. परंतु १९२९ च्या हिवाळ्यांत जी घाई झाली ती खळ्याच्या तोंडासाठीं झाली. ट्रॅक्टर अद्याप कारखान्यांतून बाहेर पडावयाचे होते. स्टालिनग्राडचा ट्रॅक्टर-कारखानाच मुळीं १९३० च्या जूनमध्यें सुरू झाला.

१९२९ च्या डिसेंबरअखेर स्टालिननें कुलकांचा वर्ग म्हणून नायनाट करण्याची घोषणा केली. कुलक या शब्दाचा अर्थ मूठ. मुठींत गांव धरणारा तो कुलक. व्यवहारांत मात्र ज्याच्याजवळ दोन घोडे, दोन-तीन गायी, घरावर पत्रा आणि सुगींत एखादा मजूर, तो कुलक ठरला. चाकणच्या आसमंतांत ज्याच्या दारीं दोन बैलजोड्या, एक दुभती म्हैस आणि विहिरीवर चालती मोट आहे त्यास कोणी सावकार म्हणणार नाहीं. त्याला 'बऱ्यापैकीं खाऊन-पिऊन सुखी' इतकेंच म्हणतील. शिवाय किती कुलक काढावयाचे याचे आंकडे वरून येत. गांवांत तेवढे सांपडले नाहींत तर बाकीची संख्या मध्यम शेतकऱ्यांतून, नाहीं तर तोंडाळ माणसांतून भरून काढीत. घर, गुरें, अवजारें, उशा आणि मुलांच्या बुटांपर्यंत सर्व जप्त करून कुटुंबेंच्या कुटुंबें मालगाड्यांत भरलीं जात आणि उत्तरेकडील अरण्यांत, उरलच्या पलीकडे, सैबेरियांत नेऊन सोडलीं जात. १९३० व १९३१ या दोन सालांत सुमारें १८ लक्ष माणसें अशीं हद्दपार झालीं. पहिल्या हिवाळ्यांत लहान मुलें आणि म्हातारीं माणसें अधिक मेलीं.

जे मागें राहिले त्यांनीं प्रतिकार केला तो बहुधा बंदुकीनें नव्हे. गोठ्यांतलें जनावर कोलखोझास, म्हणजे सामुदायिक शेताला, द्यावयाचें तर तें आधींच कापून खावें, असें त्यांनीं ठरविलें. शेतकऱ्यानें आपल्या हातानें आपलीं गुरें मारणें म्हणजे काय, हें ज्या प्रांतांत बैलपोळा साजरा होतो तेथें वेगळें सांगावयास नको. १९२८ सालीं त्या देशांत सुमारें ७ कोटी गुरें होतीं. १९३३ मध्यें ४ कोटीहि उरलीं नाहींत. घोडे ३ कोटी ३० लक्षांवरून सुमारें १ कोटी ७० लक्षांवर आले. अनेक गांवीं बायका पुढें झाल्या. त्यांनीं कोठारांचीं कुलुपें फोडलीं, गायी परत आणल्या, देवळांच्या घंटा उतरविणाऱ्यांस हुसकून लाविलें. बायकांवर शिपाई सहसा गोळी झाडीत नाहींत हें त्यांस ठाऊक होतें. १९३० च्या २ मार्च रोजीं स्टालिननें 'प्रावदा' पत्रांत लेख लिहून अतिरेकाचा दोष हाताखालच्या अधिकाऱ्यांवर ढकलला आणि सक्ती थोडी सैल झाली. तोंवर निम्म्याहून अधिक घरें कोलखोझांत दाखल झालेलीं होतीं. उन्हाळ्यापर्यंत त्यांतलीं अर्ध्याहून अधिक बाहेर पडलीं. लोकांस काय हवें होतें याची याहून स्पष्ट मतमोजणी त्या राज्यांत झाली नाहीं. पुढच्या शरद् ऋतूंत सक्ती पुन्हां सुरू झाली आणि मग ती थांबली नाहीं.

परदेशीं यंत्रें विकत घ्यावयास परदेशी चलन हवें होतें, आणि तें मिळविण्याचा मार्ग म्हणजे गहूं. १९३० व १९३१ या दोन सालांत मिळून सुमारें १ कोटी टन धान्य देशाबाहेर गेलें. १९३२ सालीं पीक खालावलें तरी वसुलीचे आंकडे त्या मानानें उतरले नाहींत. त्या वर्षीं ऑगस्टच्या ७ तारखेस असा कायदा झाला कीं, कोलखोझाच्या शेतांतून धान्य चोरणारास देहांत शासन किंवा दहा वर्षें सक्तमजुरी. सुगीनंतर पडलेलीं कणसें वेंचणारीं माणसेंहि त्यांत सांपडलीं. आमच्याकडे सरवा वेंचणें हा गरिबाचा हक्क मानतात. लोखंडी सळया घेतलेलीं पथकें घरोघर जमिनी, भिंती आणि चुली खुपसून पाहात आणि बियाण्यासाठीं ठेवलेलें धान्यहि नेत. युक्रेनमधील जीं गांवें आंकडा पुरा करीत ना, त्यांचीं नांवें काळ्या फळ्यावर चढत. तेथील दुकानांतून मीठ आणि घासलेटहि उठविलें जाई. १९३३ च्या जानेवारींत युक्रेन व कुबान येथील शेतकऱ्यांस प्रांत सोडून जाण्यास बंदी झाली. भूक लागली असतां माणूस चालूं लागतो. चालणेंहि गुन्हा ठरलें. त्या दुष्काळांत युक्रेनमध्यें सुमारें ३५ ते ४० लक्ष, कझाकांच्या देशांत सुमारें १५ लक्ष, आणि सर्व मिळून ५० ते ७० लक्ष माणसें मेलीं असें इतिहासकार मानतात. त्याच सुमारास, १९३२ सालीं, १७-१८ लक्ष टन धान्य निर्यात झालें होतें. १९३७ सालीं शिरगणती झाली आणि अपेक्षेपेक्षां माणसें फार कमी भरलीं. तेव्हां ती शिरगणतीच रद्द करण्यांत आली आणि मोजणारे अधिकारी तुरुंगांत गेले.

दुष्काळ सरला, कोलखोझ राहिलें. तेथील रोजचें जिणें कसें होतें हें समजावयास 'त्रुदोदेन', म्हणजे कामाचा दिवस, हा शब्द पुरेसा आहे. शेतकऱ्यास मजुरी नव्हती. वहींत त्याच्या नांवें कामाचे दिवस मांडले जात. ट्रॅक्टरवाल्याचा एक दिवस दोन-तीन दिवसांबरोबर, राखणदाराचा अर्धा. वर्षाअखेर सरकारचें धान्य द्यावयाचें, यंत्रांच्या ठाण्याचें भाडें धान्यांतच द्यावयाचें, बियाणें बाजूस काढावयाचें, आणि मग जें उरेल तें त्या दिवसांवर वांटावयाचें. सर्वांत शेवटचा हक्क पिकविणाराचा. वर्षभर राबून थोडें धान्य आणि मूठभर पैसे घेऊन घरीं जाणारा माणूस उलट्या पट्टीचा अर्थ ताबडतोब समजला असता. त्याला जगविलें तें परसबागेनें. १९३५ च्या नियमांनीं प्रत्येक घरास साधारण पाव ते अर्धा हेक्टर जमीन, एक गाय आणि थोडीं मेंढरें-डुकरें ठेवण्याची मुभा दिली. पेरलेल्या जमिनीचा हा अगदींच अल्प अंश. पण देशांतील दूध व मांस यांचा अर्ध्याहून अधिक भाग या तुकड्यांतून येऊं लागला. शहरांतील रहिवाशांस १९३२ च्या डिसेंबरपासून ओळखपत्रें मिळालीं; कोलखोझांतील शेतकऱ्यांस तीं सरसकट मिळण्याचा निर्णय १९७४ सालीं झाला. ओळखपत्र नाहीं म्हणजे परवानगीवांचून गांव सोडतां येत नाहीं. रशियांत १८६१ सालीं भूदासपद्धति रद्द झाली होती. सत्ताधारी पक्षाच्या नांवाच्या तीन आद्याक्षरांचा 'दुसरी भूदासपद्धति' असा अर्थ शेतकरी चेष्टेनें लावीत. अर्थात् दार लावून.

हें सर्व त्या काळीं हिंदुस्थानांत कितपत पोंचलें? १९३० च्या सप्टेंबरांत रवींद्रनाथ ठाकूर रशियांत गेले. तेथील शिक्षणाचा प्रसार पाहून ते भारावले, पण बळजबरीविषयीं त्यांनीं शंकाहि बोलून दाखविली. ज्या मुलाखतींत ती स्पष्टपणें आली ती तेथील सरकारी पत्रानें तेव्हां छापली नाहीं, १९८८ सालीं छापली. आमच्याकडील विचारवंतांस सामुदायिक शेतीचें आकर्षण वाटलें याचें कारण मात्र केवळ अज्ञान नव्हे. ज्याला स्वतःची जमीनच नाहीं त्याच्या बाजूनें पाहिलें पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९१८ सालींच जमिनीच्या तुकड्यांच्या प्रश्नावर निबंध लिहिला होता. १९४७ सालीं 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या आपल्या पत्रिकेंत त्यांनीं अशी योजना मांडली कीं, शेतजमीन राज्याच्या मालकीची व्हावी, मोबदला रोख्यांच्या रूपानें द्यावा, आणि गांवच्या कुटुंबांस जातिभेद न करितां ती सामुदायिक रीतीनें कसावयास द्यावी. जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच उरूं नयेत. हे सर्व राज्यघटनेंत लिहिलें जावें, कोणाच्या लहरीवर राहूं नये, हा त्यांचा आग्रह होता. चाकण-खेडच्या शिवारांत ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर राबून दिवस काढले, त्यांस पाटलाचा मालकी हक्क पवित्र वाटण्याचें कारण नव्हतें. शेतकऱ्याच्या स्वातंत्र्याचा विचार मांडणारांनीं या प्रश्नाकडे पुरेसें लक्ष दिलें असें म्हणवत नाहीं.

पुढें १९५६ सालीं आर. के. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं एक शिष्टमंडळ चीनमधील सहकारी शेती पाहून आलें व त्यानें अनुकूल अभिप्राय दिला; दोन सभासदांनीं मात्र भिन्न मत नोंदविलें. १९५९ च्या जानेवारींत नागपूरच्या अधिवेशनांत काँग्रेसनें संयुक्त सहकारी शेतीचा ठराव केला. मालकी शेतकऱ्याचीच राहील, सहभाग ऐच्छिक असेल, असें आश्वासन होतें. तरीहि चरणसिंगांनीं विरोध केला, आणि राजाजी, प्राध्यापक रंगा व मिनू मसानी यांनीं त्याच वर्षीं स्वतंत्र पक्ष काढला. त्याच वेळीं चीनमध्यें सामुदायिक शेतीमागून कोट्यवधि माणसांचा बळी घेणारा दुष्काळ सुरू झाला होता. ठराव कागदावर राहिला. महाराष्ट्रांत सरकारी शेतीचा एक प्रयोग झाला तो वेगळ्या वाटेनें: १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानें खासगी साखर कारखान्यांकडील मोठीं क्षेत्रें सरकारजमा झालीं आणि तीं चालविण्यास १९६३ सालीं राज्य शेती महामंडळ निघालें. त्यांत कारखान्यांस खंडानें दिलेल्या शेतकऱ्यांच्या जमिनीहि होत्या. त्या खंडकऱ्यांनीं आपली जमीन परत मागण्यांत जवळजवळ अर्धें शतक घालविलें.

आतां चाकणकडे वळूं. साम्य आहे, तें किंमतींच्या कात्रींत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत मुंबई इलाख्यांत धान्याची लेव्ही आली. पुढें स्वातंत्र्यानंतरहि ती निरनिराळ्या रूपांनीं चालू राहिली. बाजारांत अधिक दर असतां सरकारी दरानें ज्वारी घालावी लागे. १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि विदर्भातील शेतकऱ्यास आपला कापूस दुसऱ्या कोणास विकण्याची मनाई झाली. कांदा महागला कीं निर्यातबंदी, स्वस्त झाला कीं मौन. प्रेओब्राझेन्स्कीनें हें पाहिलें असतें तर आपला सिद्धांत त्यास ओळखीचा वाटला असता.

परंतु येथवर आल्यावर फरक दिसूं लागतो, आणि तो लहान नाहीं. १९७० ते १९७३ या वर्षांत महाराष्ट्रांत भयंकर अवर्षण पडलें. वर्तमानपत्रांनीं तें छापलें, विधिमंडळांत त्यावर रणें माजलीं, आणि १९७३ च्या मे महिन्यांत जवळजवळ ५० लक्ष माणसें सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडीत होतीं. कष्टाचें काम, तुटपुंजी मजुरी. पण गांवच्या गांव मरून पडलें नाहीं आणि चालून जाणारास कोणी अडविलें नाहीं. येथील सरकारनेंहि शेतकऱ्यांवर गोळ्या झाडल्या, हें खरें. १९८१ सालीं निपाणीच्या तंबाखू-आंदोलनांत शेतकरी मारले गेले. त्या मृत्यूंची मोजदाद मात्र कोणास लपवितां आली नाहीं. शरद जोशी तुरुंगांत जात आणि बाहेर येऊन पुन्हां सभा घेत. १९८६ मध्यें चांदवडला त्यांनीं शेतकरी स्त्रियांचा प्रचंड मेळावा भरविला. १९३२ सालीं कुबानमध्यें सडक अडविणारा माणूस दुसऱ्यांदा सडकेवर दिसला नसता. शेतकऱ्याचें शोषण आणि शेतकऱ्याचा संहार यांस एकच शब्द लावणें हा, भाषणाच्या ओघांत क्षम्य असला तरी, इतिहासांत अन्याय होतो.

दुसरा फरक अधिक विचित्र आहे. कोलखोझांतल्या मुलास कारखान्याकडे जावयास परवाना लागे. खेड तालुक्यांतला मुलगा सकाळच्या एस. टी.नें भोसरीस किंवा पिंपरीस जाई, पाळी करून घरीं येई, आणि कांद्यांत आलेली खोट कंपनीच्या पगारांतून भरून निघे. तालुक्यांतील कित्येक घरें या दोन बैलांच्या जोडीवर चाललीं. पुढें कारखानाच गांवांत आला. १९६२ सालीं स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळानें नव्वदच्या दशकापासून चाकणच्या भोंवतालचीं शिवारें संपादन करण्यास प्रारंभ केला. ज्या मातींत कांदा होत असे तेथें मोटारी तयार होऊं लागल्या. कोणास मोबदल्यांतून बंगला आणि मोटार लाभली, कोणाचा पैसा दोन वर्षांत विरला, कोणी भाड्याच्या खोल्या बांधून परगांवच्या कामगारांवर संसार चालविला. आणि ज्यांच्या नांवें सातबारा कधींच नव्हता, त्यांच्या वांट्यास मोबदल्याचा प्रश्नच आला नाहीं. खंडणी आतां किंमतींतून नव्हे, थेट जमिनींतून गेली, असें कोणी म्हणतात. उलट, शेतकऱ्यास जमिनीचा भाव मिळण्याची हीच पहिली वेळ, असें त्याच गांवचे दुसरे म्हणतात. दोघेही आपापल्या हिशेबाची वही दाखवूं शकतात.

शरद जोशी २०१५ च्या १२ डिसेंबरास वारले. चाकणच्या बाजार आवारास महात्मा फुले यांचें नांव आहे. 'शेतकऱ्याचा असूड' लिहून शंभर वर्षें होण्याच्या सुमारासच त्या गांवीं कांद्याचा लढा पेटला होता. तेथें आजही कांद्याच्या गोण्यांच्या थप्प्या लागतात आणि लिलाव होतात. २०२३ च्या डिसेंबरांत केंद्र सरकारनें कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. नाशिक-पुण्याच्या बाजारांत भाव कोसळले, नाशिक जिल्ह्यांत शेतकरी सडकेवर उतरले, आणि पुढील मे महिन्यांत, लोकसभेच्या निवडणुकीचें मतदान चालू असतां, ती बंदी उठविण्यांत आली.